खुलासा: महाकाम नदीकाठच्या गावांबद्दल फिरणारा मेसेज

"बोर्निओच्या जंगलातले दायाक लोक आजही माणसांची मुंडकी उडवतात, बाहेरच्या जगाचा त्यांना पत्ताच नाही" असा मेसेज महाकाम नदीकाठच्या एका गावाच्या व्हिडिओसह फिरतो आहे. हे खरं नाही. दायाक म्हणजे बोर्निओ बेटावरचे मूळ रहिवासी, आणि महाकाम ही त्या बेटाच्या इंडोनेशियातल्या भागातली नदी.

1894 साली बोर्निओतल्याच तुम्बांग आनोई या गावी दायाक समूहांची मोठी सभा भरली आणि मुंडकी उडवण्याची प्रथा बंद करायचं ठरलं. (2001 मध्ये बोर्निओतल्या सांपित शहरात शिरच्छेद झाले, हे नाकारत नाही, पण ती दंगल होती, गावांची रीत नव्हे.) महाकामच्या वरच्या खोऱ्याला 2013 मध्ये कायद्याने स्वतंत्र जिल्हा मिळाला, महाकाम उलू. गावांत शाळा आहेत, चर्च आहेत, गावप्रमुख मतदानाने निवडला जातो. 2015पासून इंडोनेशियातल्या गावांना केंद्राचा ग्रामनिधीही मिळतो. हे सगळं सरकारी कागदपत्रांत कुणालाही पाहता येतं.

खरी अडचण नदीची आहे. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या समारिंदा शहरातून निघालेली प्रवासी बोट पाणी भरपूर असेल तरच वरच्या खोऱ्यातल्या लाँग बागुनपर्यंत पोचते. त्यापुढे खडकांतून उसळणारं धोक्याचं पाणी, तिथे दणकट इंजिनाच्या लहान होड्याच चालतात. पाऊस लांबला की पात्र उघडं पडतं, होड्या थांबतात, तांदूळ, पेट्रोल आणि गॅसचे भाव भडकतात. आजारी माणसाला शहरात नेणंही कठीण होतं. या हालांबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही, याचं फार वाईट वाटतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.