खाटेवरच्या सासूबाई: सोलापूरच्या ताईंना उत्तर

प्रिय ताई,

सलाम.

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं, कारण त्यात मी नुसती स्वतःची बाजू मांडत होते. आज उपासनेहून आले, जेवणं आवरली, आता सावकाश लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ख्रिस्ती माणूस नोकरीतून निवृत्त होतो, सेवेतून नाही. वयाच्या ८५व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेणाऱ्या, बायबलमधल्या कालेबचा दाखला दिला होता, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दिला होता, पंडिता रमाबाईंचा दिला होता. या ताईंनी तो लेख आपल्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई ८१ वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने खाटेवर. लेख ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आता देवाच्या काही कामाची नाही," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

ताईंनी मला तीन गोष्टी सुनावल्या. असले लेख धडधाकट म्हाताऱ्यांसाठी असतात आणि आजारी म्हाताऱ्यांच्या जिव्हारी लागतात. मी दाखल्याला घेतलेली मोठी माणसं मुळात म्हातारी नव्हतीच. आणि मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) सेवेच्या नावाखाली सत्तरीच्या बायकांकडून शिबिराच्या चपात्या लाटून घेतात, पण त्याच बायका अंथरुणाला खिळल्या की त्यांच्या दारात कोणी फिरकत नाही. म्हाताऱ्या माणसाला आता सुखाने पडू द्या, त्याच्यामागे जीवनाचा हेतू वगैरे लावू नका, असं त्यांचं शेवटचं वाक्य आहे.

ताई, दुसऱ्या मुद्द्यावर वाद घालायला जागाच नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि १९१९च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. ६४ पुरी व्हायला काही दिवस कमी होते. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून, कानांनी ऐकू येईनासं झालेलं, आदल्या वर्षी मुलगी मनोरमा गेलेली, अशा अवस्थेत त्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीतल्या बायबलची शेवटची मुद्रितं तपासत होत्या. ते काम थोरच. पण आज ६४ वर्षांची बाई आमच्या मंडळीत 'तरुण' म्हणून पुढे केली जाते. लक्ष्मीबाई टिळकसुद्धा ६७व्या वर्षी गेल्या. ८१ वर्षांच्या, कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागणाऱ्या बाईपुढे मी ही माणसं ठेवली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कालेबचंही तसंच. गेल्या आठवड्यात मी त्याची गोष्ट हौसेने सांगितली, कारण ती सांगायला बरी वाटते. चाळीसाव्या वर्षी होती तितकीच ताकद आजही आहे, असं तो म्हणतो आणि हेब्रोनचा डोंगर मागतो. पण पवित्र शास्त्रात ऐंशीच्या घरातला आणखी एक माणूस आहे आणि मी ६८ वर्षांची झाले तरी त्याच्यावर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. बर्जिल्लय गिलादी. दावीद राजा मुलाच्या बंडामुळे पळत होता तेव्हा या म्हाताऱ्याने आणखी दोघांबरोबर महनाईमला त्याच्या माणसांसाठी अंथरुणं, भांडी, गहू, जव, मध, दही असं सगळं पोहोचतं केलं. बंड मोडल्यावर राजा म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, तुझं सगळं मी बघतो. आणि बर्जिल्लय चक्क नाही म्हणाला. मी ८० वर्षांचा, मला खाल्ल्याची चव लागत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, राजाला माझं ओझं कशाला. मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. माझ्याऐवजी हा किम्हाम येईल, त्याला न्या.

राजाने त्याला भ्याड म्हटलं नाही, आळशी म्हटलं नाही. त्याचं चुंबन घेतलं, आशीर्वाद दिला आणि घरी जाऊ दिलं. पुढे स्वतः मरणाला टेकलेला असताना दावीदाने शलमोनाला बजावून ठेवलं की बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंगतीला बसवत जा. तेव्हा सासूबाईंना माझ्या वतीने सांगा की कालेब शास्त्रात आहे तसा बर्जिल्लयही आहे. 'आता होत नाही' असं म्हणायचा त्यांना हक्क आहे आणि तेवढ्याने देव रुसत नाही.

पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. सासूबाईंचे शब्द पुन्हा एकदा बघा. "बरं झालं, सुटले," असं त्या म्हणाल्या नाहीत. आपण देवाच्या कामाच्या नाही याचं त्यांना दुःख झालं. ज्याला फक्त पडून राहायचं आहे तो असा भिंतीकडे वळत नाही. माझ्या लेखाने त्यांना चुकीचं उत्तर दिलं हे खरंच; पण त्यांचा प्रश्न जिवंत आहे, आणि "तुम्ही आता कसली काळजी करू नका, आराम करा" असं म्हणणं म्हणजे तो प्रश्नच त्यांच्याकडून काढून घेणं. आपण प्रेमानेच म्हणतो ते. मीही माझ्या वडिलांना म्हणाले होते.

वडील प्राथमिक शिक्षक होते, निवृत्तीनंतर खेड्यांतून प्रचारक म्हणून फिरले. ७९व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे १४ महिने ते आमच्या पुढच्या खोलीत होते. त्यांच्या प्रार्थना इतक्या लांब असायच्या की आम्ही लहानपणी गुडघ्यांवर डुलक्या घ्यायचो, आणि आता त्यांच्या तोंडून कसाबसा एकच शब्द निघायचा, "प्रभू". तोही अर्धा. अंग पुसायला गेले की ते डाव्या हाताने माझा हात ढकलायचे. मुलीने आपलं मलमूत्र काढावं हे त्यांना सहन होत नव्हतं. जेवण तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. मी त्यांना सांगायची, "अप्पा, तुम्ही आयुष्यभर केलंत, आता आराम करा." ते माझ्याकडे असे बघायचे की मला खोलीबाहेर जावंसं वाटायचं.

एका संध्याकाळी नेहमीच्या वाचनात योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आला. येशू शिष्यांचे पाय धुतो तो. मी मुद्दाम काढला नव्हता, आदल्या दिवशी बारावा झाला होता म्हणून तेरावा. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आणि येशू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. तिथे अप्पा रडायला लागले. तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे रडणंही एका बाजूने. मी वाचायचं थांबले तर त्यांनी बोटाने पुस्तकावर टकटक केलं, पुढे वाच म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची बादली घेऊन आत गेले तर त्यांनी चादरीखालून डावा पाय आपणहून बाहेर काढून ठेवला होता. मी पाय धुतला, नखं कापली. झाल्यावर त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हाताला अशी सवय नव्हती, तो आधी माझ्या कानावर पडला, मग वर सरकला. "प्रभू" म्हणाले. त्यानंतर ते जाईपर्यंत, म्हणजे पाच महिने, हे रोज सकाळी झालं. अंग पुसायचं, मग डोक्यावर हात. शेजारच्या बाई भांडी घासायला यायच्या, त्याही जाताना डोकं खाली करून उभ्या राहायच्या. त्यांचा धर्म वेगळा, पण अप्पांनी कधी फरक केला नाही. ताई, माझ्या वडिलांनी ४० वर्षं शाळेत आणि खेड्यापाड्यांत जे केलं त्याचा मला अभिमान आहे. पण मला जे मिळालं ते त्या पाच महिन्यांत मिळालं.

तोच पेत्र योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा येतो. येशू त्याला सांगतो की तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून मनाला येईल तिकडे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा कोणीतरी तुला कंबर बांधून नको तिथे नेईल. योहान लिहितो की हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, त्याच्या हौतात्म्याविषयी. तसंच ते आहे. पण ज्याने म्हाताऱ्या माणसाला कपडे घातले आहेत, बाहीत हात घालताना तो हात कसा लांब होतो हे बघितलं आहे, त्याला हे वाक्य वाचून आपल्या घरातली खाट आठवल्यावाचून राहत नाही. आणि हे सांगून झाल्यावर येशू लगेच काय म्हणतो? "माझ्यामागे ये." तळ्याकाठी जाळी टाकणाऱ्या तरुण पेत्राला म्हटलं होतं तेच. ज्याला दुसरा कोणी कपडे घालणार आहे, त्यालाही तेच बोलावणं आहे. मला मागच्या लेखात हे लिहायचं होतं आणि मी लिहिलं भलतंच. हातून काय काय होतं याचा हिशेब मांडत बसले.

आता मंडळीचा मुद्दा. तुमचा राग योग्य आहे आणि मी त्यावर पाणी ओतणार नाही. आठ महिन्यांत एकदाही प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि प्याला) घरी आलं नाही, ही मंडळीची चूक आहे. कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, असं याकोबाच्या पत्रात आहे. तेव्हा तुम्ही बोलवा. पाळकसाहेबांना फोन करा, आणि संकोच करू नका. आमच्याकडेही हे आपोआप सुरू झालं नाही. एका आजारी बाईची मुलगी वार्षिक सभेत उभी राहून बोलली, सगळ्यांना राग आला, आणि पुढच्या पहिल्या रविवारपासून प्याल्यांचा छोटा ट्रे घरोघर जायला लागला.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचा मजकूर आहे. साठीच्या पुढच्या विधवांची नावं त्या यादीत घालायची. तिने मुलं वाढवली का, पाहुण्यांचं केलं का, पवित्र जनांचे पाय धुतले का, हे बघायचं; म्हणजे आधी केलेलं सगळं जमेला धरलेलं आहे. जिला कोणी नाही तिची सोय मंडळीने बघायची. आणि त्याच ठिकाणी लिहिलं आहे की अशी एकटी पडलेली विधवा रात्रंदिवस प्रार्थनेत असते. पोटाची सोय आणि प्रार्थनेचं काम, दोन्ही एकाच अध्यायात, एकाच बाईच्या नावापुढे. आपण त्याचे दोन तुकडे केले. जी चालती-फिरती आहे तिला काम, जी पडली तिला फार तर नाताळचा केक.

तुम्ही म्हणाल, खाटेवरच्या माणसाला 'प्रार्थना करत राहा' म्हणणं ही वाटेला लावायची रीत आहे. बहुतेक वेळा असतेच. कोणासाठी, कधी, कशासाठी हे न सांगता म्हटलं की ती वाटेला लावणंच. आमच्या मंडळीत दोन वर्षांपासून दहावी-बारावीच्या मुलांची नावं मोठ्या अक्षरात लिहून सात घरी देतो, पेपरांच्या तारखांसकट. एका आजींना दिसत नाही. त्यांची सांभाळणारी मुलगी त्यांना रोज यादी वाचून दाखवते. मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेले तर बसायच्या आधी प्रश्न आला, "त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या पोराचा भूमितीचा पेपर कसा गेला?" मला माहीत नव्हतं. त्या माझ्यावर रागावल्या, आणि बरोबर रागावल्या. जो प्रार्थना मागतो त्याने पुढे काय झालं ते येऊन सांगितलं पाहिजे.

ज्यांना स्वतःचं नावही आठवत नाही अशा म्हाताऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दुसऱ्या एका वाचकाने विचारलं आहे. मला वाटतं, तिथे आठवण ठेवायचं काम मंडळीचं. त्यांची आवडती गीतं आपण त्यांच्या खाटेशी जाऊन म्हणायची. यावर वेगळं लिहीन.

आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या म्हणून घाबरू नका. हिज्कीया राजानेही मरणाच्या दुखण्यात भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि ते प्रार्थनेसाठी होतं. त्या तिथे काय बोलत असतील ते आपल्याला काय ठाऊक!

आता माझं एक काम आहे त्यांच्याकडे. येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. किरकोळ असतं असं सगळे म्हणतात, पण डावा डोळा आधीच अधू आहे आणि मला भीती वाटते आहे. सासूबाईंना सांगा, माझ्यासाठी प्रार्थना करा. बोलवत नसेल तर त्या वेळी नुसतं माझं नाव घ्या. माझा नंबर तुम्हाला वेगळा कळवते. शुक्रवारी संध्याकाळी पट्टी निघाली की मी फोन करीन आणि काय झालं ते त्यांनाच सांगीन. फोन त्यांच्या उजव्या कानाला धरा. डाव्याने कमी ऐकू येतं असं तुम्हीच लिहिलं आहे.

प्रभूमध्ये तुमची