कैलासाला चिकटवलेले ६,६६६

‘कैलास हा डोंगर नाही, माणसानं बांधलेला पिरॅमिड आहे, उत्तर ध्रुव आणि इंग्लंडमधलं प्राचीन शिळावर्तुळ स्टोनहेंज दोन्ही तिथून बरोबर ६,६६६ किलोमीटरवर, तिथं केस-नखं भराभर वाढतात, माणूस झपाट्यानं म्हातारा होतो, चार महानद्या त्याच्यातूनच निघतात, चढायला गेलेल्यांना अदृश्य शक्तीनं परतवलं.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

आधी आकडा. कैलास ३१ अंश उत्तर अक्षांशावर. ध्रुवापर्यंत उरले ५९ अंश. एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. गुणून बघा, साडेसहा हजारांच्या आसपास येतं. शंभरेक किलोमीटर कमीच. स्टोनहेंज तर ६,९०० किलोमीटरहून लांब.

पिरॅमिडची गोष्ट एर्न्स्ट मुल्दाशेव या रशियन नेत्रतज्ज्ञानं १९९९च्या मोहिमेनंतर पसरवली. खरं तर हिमनद्या डोंगराला चहूबाजूंनी कुरतडत गेल्या की असं टोकदार शिखर उरतं. आल्प्समधलं मॅटरहॉर्नही तसंच. चिऱ्यांच्या रांगांसारख्या दिसणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे खडकाचे थर. त्या खडकाचा तुकडा हातात घेतला, तर त्यात रुतलेले गुळगुळीत गोटे दिसतात, वाहत्या पाण्यात लोळून गोल झालेले. हा पिंडाश्म. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली खडी दबून घट्ट झाली आणि पुढे ६,६३८ मीटरपर्यंत उचलली गेली. स्विस भूशास्त्रज्ञ ऑगुस्टो गान्सर १९३६ साली यात्रेकरूच्या वेशात इथं आला आणि हे खडक पाहून गेला. मला तर नदीचा तळ आभाळात जाऊन बसलाय, हेच कुठल्याही पिरॅमिडपेक्षा थक्क करणारं वाटतं.

काळाचं म्हणाल, तर उंचीवर घड्याळ किंचित पुढे जातं हे खरं. पण पाच हजार मीटरवर वर्षभर राहिलात तरी फरक सेकंदाच्या एक लाख भागांपैकी जेमतेम दोन भागांचा. त्यानं केस-नखं भराभर वाढत नाहीत.

चढाईचं म्हणाल, तर १९२६ साली ह्यू रटलेज या ब्रिटिश अधिकाऱ्यानं उत्तर कडा पाहून तो चढण्याजोगा नाही असं ठरवलं; त्याच्या सोबतच्या विल्सनला दुसऱ्या बाजूनं वाट दिसली होती, पण बर्फवृष्टी आडवी आली. १९८०च्या दशकात विख्यात गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनरला चढाईची मुभा मिळत होती, त्यानं ती नाकारली. पवित्र शिखरावर पाय ठेवायचा नाही, हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे. त्याचं श्रेय अदृश्य शक्तीला का द्यायचं?

राहिल्या नद्या. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या परिसरात उगम पावतात, शिखरातून नव्हे. ब्रह्मपुत्रा तर मानसरोवराच्याही आग्नेयेला, हिमालयातल्या हिमनदीतून निघते. खुद्द कैलासावरचं बर्फ वितळून ल्हा छू नदीला मिळतं आणि दक्षिणेला उतरून राक्षसताल सरोवरात जातं.