'हिरवंगार झाड पडत नाही' आणि त्या मेसेजमधल्या बाकीच्या चुका

मे महिना लागला की सोसायट्यांच्या आणि गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातली शिकवण अशी: अंगणातलं उंच झाड पावसाळ्याआधी अर्ध्यावर छाटा; खोड पोकळ किंवा कललेलं असेल तर काढून टाका; झाड हिरवंगार असेल तर निर्धास्त राहा; आपल्या आवारातल्या झाडाला परवानगी लागत नाही; आणि तोडणं जमत नसेल तर बुंध्याला भोक पाडून हिंग भरा. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही. काही तर जिवावर बेतणारे आहेत.

सर्वांत घातक आहे ते हिरव्या झाडाचं. पानांना पाणी पुरवायला बारीक मुळं पुरतात, पण झाड उभं धरतात ती जाड आधारमुळं. ती खालच्या अंगाने कुजत गेली तरी शेंडा कित्येक वर्षं हिरवा राहतो. उलट भरगच्च पालवी म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं शीड, त्यात ती पावसाने भिजून जड झालेली, आणि खाली चिखल झालेल्या मातीत मुळांची पकड सैल. गुलमोहर आणि सोनमोहर भर पालवीत, मुळांच्या थाळीसकट उताणे पडतात ते यामुळेच.

म्हणून शेंड्याकडे नंतर बघा, आधी बुंध्याभोवतीची दोन-तीन मीटर जमीन बघा. खोडाला जमिनीलगत किंवा उघड्या मुळावर फळीसारखी कडक अळंबी आली आहे का? वरून तपकिरी, कडेला पांढरी असेल तर ती बहुधा गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी. ती दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच आधीपासून कुजत असतं. दुसरी खूण म्हणजे बुंध्याच्या एका अंगाला मातीत पडलेली अर्धगोल भेग, किंवा वाऱ्यासरशी उचलली जाणारी जमीन (ही लांबूनच बघा). तिसरी गोष्ट आठवायची आहे: गेल्या काही वर्षांत जवळ ड्रेनेजचा चर, कंपाउंडचा पाया, पेव्हर ब्लॉक असं काही झालं का? खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे 60 सेंटिमीटर जाडीच्या झाडाला 1.8 मीटरच्या आत, एका बाजूची जाड मुळं तोडली असतील तर झाडाचा तोल गेलेला समजा. तुटलेल्या टोकातून कूज आत सरकायला वेळ लागतो, त्यामुळे चर आज खणलेला आणि झाड चार पावसाळ्यांनी पडलेलं, असं होतं. मग दोष वादळावर जातो.

'पोकळ म्हणजे धोकादायक' हे अर्धवट आहे. वाकण्याचा ताण बाहेरच्या लाकडावर जास्त येतो. 60 सेंटिमीटर जाडीच्या खोडात मधोमध 30 सेंटिमीटर पोकळी असेल तर ताकद जेमतेम 6 टक्के घटते. 42 सेंटिमीटर पोकळी असेल तर सुमारे 24 टक्के. ढोबळ नियम असा की निरोगी भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी जाड हवी, म्हणजे या खोडाला 10 सेंटिमीटर. हा हिशेब सगळीकडून बंद नळीचा आहे. ढोलीला मोठं तोंड असेल किंवा उभी चीर गेली असेल तर तो लावू नका. तपासायला लाकडी हातोड्याने खोड चहूबाजूंनी ठोका: भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढब्ब. शंका आली तर जाणकाराकडून भिंतीची जाडी मोजून घ्या. कोकणात जुन्या झाडांच्या ढोल्यांत धनेश घरटं करतो. नुसत्या ढोलीसाठी अशा झाडावर कुऱ्हाड चालवू नये.

कलण्याचंही तसंच. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वळलेलं दिसतं आणि त्याने बुंधा जाड करून तोल सावरलेला असतो. कालपर्यंत सरळ होतं आणि आज कललं आहे, मागच्या बाजूची माती फाटली आहे, तर दोराने ओढून बांधायच्या भानगडीत पडू नका. त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा आणि अग्निशमन दलाला कळवा.

आता अर्ध्यावर छाटणी. शेंडा उडवला की त्या जागी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात, खालचा मोठा काप भरून येत नाही आणि कुजतो. तीन-चार वर्षांत तेच धुमारे जाडजूड होऊन कुजक्या टोकावर उभे राहतात, म्हणजे पूर्वी नव्हता तो धोका आपण तयार केला. वाळलेल्या, चिरलेल्या, छपरावर आलेल्या फांद्या काढा, पण एका वेळी पाव भागाहून जास्त पालवी नको. फांदी तीन कापांत काढायची: खोडापासून 30 सेंटिमीटरवर खालून पाव जाडीपर्यंत पहिला, त्याच्या थोडा बाहेर वरून दुसरा, म्हणजे फांदी साल सोलत न नेता सुटते, आणि तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळीच्या लगेच बाहेर. ही वळी कापली तर जखम मिटत नाही. वर डांबर फासून कूज थांबत नाही.

परवानगी लागत नाही, हे साफ खोटं. महाराष्ट्रात शहरी भागात 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा खासगी जागेलाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे हिंगाची भोकंही आलीच. ग्रामीण भागात साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांसारख्या झाडांना 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. जीविताला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगीचं मान्य कारण आहे, तेव्हा अर्जासोबत अळंबीचे, भेगेचे आणि घरापासूनचं अंतर कळेल असे फोटो जोडा.

हिंगाने झाड मरो न मरो, मेलेलं उभं झाड जिवंत झाडापेक्षा वाईट. फांद्या ठिसूळ होतात, मुळं सुटतात, आणि नंतर त्यावर कोणी भरवशाने चढू शकत नाही.

काढायचं कधी? दोष गंभीर आहे आणि पडलं तर खाली माणसं, घर किंवा वाट आहे, या दोन्हींचं उत्तर हो असेल आणि फांद्या हलक्या करून भागत नसेल तेव्हा. माडाचं वेगळं: शेंड्याचा कोंब कुजून गेला की तो परत फुटत नाही, त्यामुळे घराजवळचा असा माड पावसाआधी काढावा. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर आधी वीज तक्रारीच्या 1912 या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद करून घ्या. ओली फांदी तारेला टेकली की ती धरणाऱ्यालाही झटका बसतो.