भिंत गुण्यात नाही

नारायण पेठेतील आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत, कपाटामागच्या भिंतीला ओल आली आहे, एवढीच आमची तक्रार होती. त्यासाठी बोलावलेल्या गवंड्याने ओलीकडे फारसे लक्ष दिलेच नाही. थापीच्या दांड्याने तो भिंतीवर जागोजागी ठोकत गेला, ‘बद्द’ आवाज आला की खेदाने मान हलवत राहिला आणि खोलीला पूर्ण प्रदक्षिणा घालून झाल्यावर म्हणाला, “काका, हे कुणी केलंय?” पुढे सुताराने तुळईकडे, प्लंबरने न्हाणीकडे आणि वायरमनने लाकडी पट्टीतल्या वायरींकडे पाहून हाच प्रश्न विचारला. आधीच्या कारागिराच्या निषेधाचा ठराव संमत झाल्याशिवाय पुण्यात दुरुस्तीचे काम सुरू होत नाही.

गवंड्याचे म्हणणे मात्र बिनतोड होते. मूळ भिंत विटा आणि चुन्याची, चांगली दोन फूट जाडीची. चुना ओल शोषतो आणि कोरड्या हवेत ती बाहेरही सोडतो. परंतु मधल्या काळात कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवून आणि वरून ऑइलपेंट फासून भिंतीचे नाकतोंड बंद केले होते. जमिनीतून चढणारी ओल मग आतल्या आत वर सरकते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याखाली साठतात आणि पोपडे सुटू लागतात. शेजारच्या अप्पांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ही ओल 12 जुलै 1961 ची, म्हणजे पानशेतच्या पुराची असून ती अद्याप पुरती वाळलेली नाही.

सिमेंट सोलून पुन्हा चुनाच लावायचा, असे ठरले आणि वाड्यातील समस्त ज्येष्ठ मंडळी गोळा झाली. घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ घालतात असे एका काकांनी सांगितले, दुसऱ्यांनी बेलफळाचा आग्रह धरला, तर वरच्या मजल्यावरील आजींनी कठड्यावरून वाकून उडदाच्या डाळीची आठवण करून दिली. जुन्या बांधकामांत हे तिन्ही पदार्थ वापरले जात असल्यामुळे वाद मिटण्याची काही शक्यताच उरली नाही. “काका, गिलावा करायचाय की नैवेद्य?” असे विचारून गवंडी ऐन चैत्रात गावच्या जत्रेला निघून गेला. राडारोड्याची पोती बोळात तशीच राहिली आणि त्यांवर कोणाची दुचाकी टेकवायची यावरून एक स्वतंत्र तंटा उभा राहिला.

तो परतेपर्यंत न्हाणीच्या टाइल उरकून घ्याव्यात, म्हणून फरशीवाल्याला बोलावले. त्याने कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, लावला. त्याची एक बाजू भिंतीला चिकटली आणि दुसऱ्या बाजूच्या फटीतून त्याने आपली करंगळी सहज आरपार घालून दाखवली. “भिंत गुण्यात नाही.” मग भिंत उभी सरळ आहे का ते पाहायला दोरीचा ओळंबा सोडला, भिंत ओळंब्यातही नव्हती. टाइलची ओळ दारापाशी पूर्ण टाइलने सुरू होऊन कोपऱ्यात शिरेपर्यंत दोन बोटांच्या पाचरीवर येणार होती. टाइल सरळ लावली तर भिंत वाकडी दिसेल आणि भिंतीला धरून लावली तर टाइल वाकडी दिसेल, यांपैकी काय पसंत आहे ते लवकर सांगावे, असे त्याने मला बजावले. या घरात आमच्या तीन पिढ्या नांदल्या, पण भिंतीविषयी असे काही कोणी कधी बोलले नव्हते.

निर्णय सौभाग्यवतींनी दिला. टाइल सरळ लावावी आणि कोपऱ्यात माळ्यावरचा तांब्याचा बंब उभा करावा, म्हणजे पाचर कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. फरशीवाल्याने त्यांना हात जोडले. बंब खाली उतरवून घासल्यावर त्याच्या तळाला भोक निघाले, त्यामुळे सध्या मी कसब्यातल्या तांबट आळीत चकरा मारतो आहे.