ढवळ्याशेजारचा पवळ्या? मुसोलिनीच्या बाबतीत नाही

‘मुसोलिनी मुळात बरा माणूस. हिटलरची संगत लागली, त्यानं पोलादी करारात अडकवलं आणि युद्धात ओढलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ व्हॉट्सअ‍ॅपवर ही पोस्ट पुन्हा फिरतेय. म्हण झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत.

‘मुळात बरा’ पासून सुरुवात करू. मुसोलिनी पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९२२ मध्ये, हिटलर चॅन्सेलर झाला जानेवारी १९३३ मध्ये. मधल्या दहा वर्षांत पवळ्या एकटाच होता. ऑगस्ट १९२३ मध्ये ग्रीस-अल्बानिया सीमेवर तेल्लिनी या इटालियन सेनापतीचा खून झाला. मारेकरी कोण हे कळायच्या आत इटलीच्या आरमारानं ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या. तिथल्या किल्ल्यात आसऱ्याला आलेले निर्वासित मेले.

इटलीच्या ताब्यातल्या लिबियातलं प्रकरण याहून भयंकर. सिरेनाइकातला उठाव मोडायला १९३० मध्ये सुमारे १ लाख माणसं, गुराढोरांसकट, डोंगरातून उठवून वाळवंटातल्या तारेच्या कुंपणात कोंडली. उपासमारीनं आणि रोगराईनं हजारो मेले. उठावाचा सत्तरीतला नेता ओमर मुख्तार याला सप्टेंबर १९३१ मध्ये छावणीतल्या लोकांसमोर फाशी दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले होते आणि तिथल्या मुलांच्या निमलष्करी संघटना पाहून भारावले होते. आपल्याकडच्या ‘शिस्तप्रिय मुसोलिनी’च्या कौतुकाला असा जुना वास आहे. छावण्या त्यात कुठेच नसतात.

‘हिटलरच्या फुशीनं इथिओपिया घेतला’ हेही त्या पोस्टमध्ये आहे. उलट, तेव्हा दोघांचं वाकडं होतं. जुलै १९३४ मध्ये नाझींनी ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर डॉलफुस याला मारलं, तेव्हा मुसोलिनीनं ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे सैन्य धाडलं होतं. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीनं इथिओपियावर स्वारी केली, त्या सुमारास जर्मनी गुपचूप इथिओपियालाच शस्त्रं पुरवत होता. इटली तिकडे अडकून पडली तर ऑस्ट्रिया मोकळा सापडेल, हा हिशेब. विमानातून विषारी वायू टाकण्याची परवानगी थेट रोमहून, मुसोलिनीची होती. राष्ट्रसंघानं निर्बंध लादले खरे, पण त्यात तेल नव्हतं आणि इटलीच्या जहाजांना सुएझ कालवाही उघडाच राहिला. पुढे दोस्ती जमल्यावर १ नोव्हेंबर १९३६ ला मिलानच्या भाषणात रोम-बर्लिन ‘आस’ ही उपमा वापरली तीही मुसोलिनीनंच.

आता पोलादी करार. २२ मे १९३९ चा हा करार वाचताना डोक्याला हात लावावा लागतो. एकानं कुणाशीही युद्ध काढलं, अगदी स्वतः हल्ला करून काढलं, तरी दुसऱ्यानं सोबत उतरायचं! मसुदा जर्मनांवर सोडून दिला होता. पण यानं मुसोलिनी ‘अडकला’ का? पोलंडवरच्या हल्ल्याआधी, २६ ऑगस्टला, त्यानं हिटलरकडे सामानाची यादी पाठवली: कोळसा, पोलाद, तेल, सगळं मिळून सुमारे १७० लाख टन. वाहून न्यायला १७,००० मालगाड्या लागल्या असत्या. हिटलर काय ते समजला. इटली नऊ महिने युद्धाबाहेर राहिली.

मग १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली, ती कशी? फ्रान्स कोसळत होता. मुसोलिनीला आणखी आधी उतरायचं होतं, हिटलरनंच काही दिवस थांबायला सांगितलं. तहाच्या टेबलावर बसायला आपले काही हजार मेलेले हवेत, असं मुसोलिनी म्हणाल्याचं त्याचा सेनाप्रमुख मार्शल बादोल्योनं नंतर सांगितलं. आल्प्समध्ये इटलीचे सहाशेवर सैनिक मेले, फ्रेंच चाळीसच्या आसपास.

ग्रीसचा किस्सा तर पोस्टच्या मुळावरच येतो. जर्मन फौजा रुमानियात शिरल्याचा राग मुसोलिनीला आला. हिटलर दर वेळी काम उरकून मग कळवतो, आता मी ग्रीस घेतल्याचं त्याला वर्तमानपत्रातून कळेल, असं तो म्हणाल्याची नोंद जावई चानोच्या रोजनिशीत ऑक्टोबर १९४० मध्ये आहे. २८ तारखेला हल्ला झाला आणि काही आठवड्यांत ग्रीकांनी इटालियनांना अल्बानियात मागे रेटलं. पुढच्या वसंतात जर्मनांना तिथं यावं लागलं.

रशियातही सैन्य पाठवायचा आग्रह मुसोलिनीचाच होता.

सप्टेंबर १९४३ नंतर उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराकाठी जर्मन पहाऱ्यात ‘सरकार’ चालवणाऱ्या मुसोलिनीला कुणी हिटलरचं बाहुलं म्हटलं, तर माझी हरकत नाही. पण तोवर त्याला सत्तेत येऊन एकवीस वर्षं होत आली होती.