सहा म्हणजे सहा

शऱ्या नव्या माणसाला ओळख करून देताना "माझं सगळं बालपण लष्करात गेलं" असं सांगतो. समोरचा माणूस लगेच सावरून बसतो. मग मला खुलासा करावा लागतो की लष्कर हा ग्वाल्हेरचा एक भाग आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तिथे छावणी टाकली, ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. शऱ्याचा बंदुकीशी आलेला संबंध म्हणजे बँकेच्या दारातल्या गार्डला रोज सकाळी केलेला नमस्कार. बदली होऊन इंदुरात आला त्याला एकतीस वर्षं झाली, घर इथे बांधलं, सून इथली आणली, पण मन अजून शिंदे सरकारांच्या चाकरीत. आम्ही पडलो होळकरांच्या गावचे. त्यामुळे आमच्या मैत्रीत अधूनमधून तह होतात, कायमचा समेट होत नाही.

या वेळची मोहीम माझ्या भाचीमुळे निघाली. ती ग्रीसला फिरायला गेली आणि तिनं मेटेओराचे फोटो पाठवले. उभे सुळके आणि सुळक्यांच्या डोक्यावर मठ. आता त्यातले सहा नांदते आहेत. पूर्वी वर जायला धड पायऱ्या नव्हत्या. माणसाला जाळ्यात बसवायचे आणि दोरानं वर ओढून घ्यायचे, भाजीच्या टोपलीसारखं. मी फोटो शऱ्याला दाखवले. त्यानं चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "यात काय विशेष? आपल्याकडे बाघ आहे."

"आपल्याकडे म्हणजे?"

"ग्वाल्हेर रियासतीत."

बाघची लेणी धार जिल्ह्यात, इंदूरहून साधारण दीडशे किलोमीटर. ग्वाल्हेर इंदूरहून उलट दिशेला पाचशे. पण शिंद्यांच्या राज्याचे तुकडे माळव्यात ताटातल्या कोशिंबिरी-चटण्यांसारखे जागोजाग वाढलेले होते, आणि बाघ त्यातला एक होता. हे मी रात्री पुस्तकात तपासलं आणि तपासल्याचा पश्चात्ताप केला.

रविवार ठरला. "सकाळी सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा," शऱ्या म्हणाला.

घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "वाघ आहेत का तिथे?" बाघ हे गावाचं नाव आहे म्हटल्यावर दुसरा आला, "म्हणजे ते ठप्प्याच्या चादरीवालं बाघ? मग जा की!" दीड हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहारांना दोन डबल चादरी आणि एक सुती साडी या दरानं मंजुरी मिळाली.

रविवारी सहा वाजता मी शऱ्याच्या दाराशी गाडी लावली. शऱ्या बनियनवर, माळ्याखाली, स्टुलावर. वहिनी स्टूल धरून उभ्या. "बूट शोधतायत," त्या म्हणाल्या, आणि या दोन शब्दी क्रियेला पाऊण तास लागला. शेवटी खोकं निघालं. बारा वर्षांपूर्वी अमरनाथला जायचं म्हणून घेतलेले डोंगरात चालायचे बूट. अमरनाथ राहिलं, बूट राहिले. "एकदम कोरे आहेत," तो कौतुकानं म्हणाला. "एकदासुद्धा घातले नाहीत." पुढे जे घडलं ते याच वाक्यात होतं, पण आम्ही दोघंही बँकेतली माणसं, न वापरलेली वस्तू शाबूत असते असा आमचा समज.

मग पोहे. पोहे खाल्ल्याशिवाय इंदूरची हद्द ओलांडायची पद्धत नाही. वाफेवरचे पोहे, वर शेव, जिरावण, कांदा, बाजूला जिलबी. मग शऱ्याचं ठरलेलं वाक्य, "आमच्या ग्वाल्हेरची बेडई खाऊन बघ एकदा". मग त्याच माणसाची दुसरी प्लेट. निघालो तेव्हा साडेआठ वाजले होते. आमच्या गाडीत सीटमागे कचऱ्याचा डबा टांगलेला असतो. देशात स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागल्यापासून इंदूरच्या माणसाच्या हातून साधं चॉकलेटचं कागदही खिडकीबाहेर सुटत नाही. शऱ्यानं बेटमा येईपर्यंत संत्र्याची सालं त्यात टाकली आणि घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडताना शेंगांची टरफलं. "गीला की सूखा?" असं मुद्दाम विचारत होता. धारला चहा प्यायलो. धार पवारांचं, तिथे आम्ही दोघंही पाहुणे, त्यामुळे तो चहा तेवढा शांततेत झाला.

धारच्या पुढे रस्ता विंध्याच्या अंगावरून खाली उतरत जातो, मोबाइलचं नेटवर्क जातं आणि शऱ्याचं मार्गदर्शन सुरू होतं. ते इथे लिहीत नाही.

लेण्यांशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. खाली बाघिनी नदी, पलीकडे कडा, कड्याच्या पोटात काळी दारं. मेटेओरासारखं डोक्यावर नाही, पण पायऱ्या बऱ्यापैकी होत्या, आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या हिशेबानं कडा तो कडाच. मी रेलिंग धरून एकेक पायरी चढत होतो. शऱ्या डोंगरी बुटांत माझ्यापुढे. अर्ध्यात गेलो आणि फट्‌ फट्‌ असा आवाज यायला लागला. ओली चप्पल वाजते तसा. मी म्हटलं कबुतर असेल.

शऱ्या थांबला. डावा पाय वर उचलला. बुटाचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. त्यानं बोटानं दाबून पाहिलं, तर रबराचा भुगा झाला. काळा, ओलसर, कडेनं पिवळट, ढोकळ्याच्या चुऱ्यासारखा. वरचं चामडं मात्र चकचकीत. लेससुद्धा कोरी.

"डिंक वाळला असेल," तो म्हणाला.

"डिंक नाही, तळच विरघळलाय. असे बूट न वापरता ठेवले की तळ आतून सडतात."

"मग आधी का नाही बोललास?"

मला हे तेव्हाच आठवलं होतं. भाचीचे असेच गेले होते. खिशात पोह्यांच्या पुडक्याची सुतळी निघाली. ती त्याच्या बुटावरून आडवी, उभी अशी बांधली, देवाला वाहायच्या नारळासारखी. "जाळं असतं तर बरं झालं असतं," शऱ्या म्हणाला. मेटेओराबद्दल पहिल्यांदाच तो चांगलं बोलला.

वर चौकीदार भेटला. त्यानं आधी बूट पाहिला, मग आम्हाला. मूळ नऊ लेणी, त्यातली आता पाच धड. दोन नंबरला इथे पांडवांची गुंफा म्हणतात. गाभाऱ्याकडे जाताना बाजूला बुद्ध आणि शेजारी उभ्या असलेल्या मूर्ती आहेत. लोकांनी मोजून त्यांना पांडव करून टाकलं. कुठल्याही जुन्या गुंफेत अनोळखी माणसं दिसली की ती पांडव, हा आपल्याकडचा जुना कायदा. आत चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, मागे गाभाऱ्यात दगडातच कोरलेला स्तूप. बॅटरीच्या उजेडात तो एकदम समोर आला तेव्हा शऱ्यासुद्धा बोलायचा थांबला. मग तो एका खोलीत शिरला, हात पसरून रुंदी मोजली आणि अंधारातून आवाज आला, "आमच्या लष्करातल्या वाड्यातली माझी खोली एवढीच होती."

अजिंठ्याचा दगड कठीण. बाघचा वालुकाश्म, वर मातकट खडकाचा थर, त्यातून पाणी झिरपतं, आणि कोरल्या दिवसापासून हा डोंगर ढासळतोच आहे. कोरणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. दालनाच्या मधोमध छताला टेकू म्हणून चार जास्तीचे खांब त्यांनीच ठेवले. बरेच खांब अलीकडे दुरुस्तीत नव्यानं बांधलेले आहेत, आपल्या फ्लायओव्हरचे नातेवाईक वाटावेत असे. १९२९ साली याच गुंफेत एक ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या सुबंधू महाराजांनी या विहाराला एक गाव इनाम दिलं. कशासाठी, तर गंध, धूप, फुलं, भिक्षूंचं वस्त्र, जेवण, औषध आणि मोडलंफुटलं दुरुस्त करायला. विहाराचं नाव कलयन. मला हे फार आवडलं. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये गळतीच्या वर्गणीवरून दोन वर्षं चर्चा चालू आहे. सुबंधू महाराजांनी गावच देऊन विषय मिटवला. हे मी शऱ्याला रंगवून सांगत होतो, तेवढ्यात त्याच्या उजव्या बुटाचा तळ गेला.

दुसरी सुतळी नव्हती. चौकीदारानं कुठूनसा प्लॅस्टिकचा पट्टा आणून दिला. दगडाला दीड हजार वर्षं लागली, शऱ्याच्या बुटाला बारा. पण पडझडीची पद्धत एकच, वरून शाबूत आणि खालून भुगा.

तीन नंबर हाथीखाना, तिथे फार थांबलो नाही. हत्ती नव्हते, वटवाघळं होती.

चार नंबरचं रंगमहाल. याच्यासाठीच आलो होतो. चार आणि पाच नंबरच्या बाहेर मिळून एक लांबलचक ओसरी होती, वीस खांबांची. तिच्या भिंतीवर ती सुप्रसिद्ध चित्रं. ओसरीचं छत कधीच कोसळलं, भिंत ऊनपावसात उघडी पडली. मी पुस्तकात पाहिलं होतं: तोंड झाकून रडणारी बाई आणि तिची समजूत काढणारी दुसरी, मग बसून बोलणारी माणसं, मग मधल्या नर्तकाभोवती फेर धरून छोट्या टिपऱ्या वाजवणाऱ्या बायका, मग घोडेस्वारांची मिरवणूक, मग हत्ती. आम्ही भिंतीसमोर उभे राहिलो.

भिंत होती.

"तो बघ घोडा," शऱ्या म्हणाला.

"कुठे?"

"तो काय. मान. आयाळ. इकडे कान."

मला ओल दिसत होती. पण तासभर बघितलं की ओलीतही आकार येतात. मला एक हत्तीची सोंड सापडली, ती शऱ्यानं नाकारली. त्याला एक टिपरी सापडली, ती मी नाकारली. शेवटी एका तांबूस डागावर आमचं एकमत झालं, की ही रडणारी बाई असावी. दोघंही थोडा वेळ गप्प उभे राहिलो. चौकीदार खांबाला टेकून तंबाखू मळत होता. त्याला दया आली असावी.

"साहब, तसवीरें तो दीवार से उतार लीं. बयासी में काम चालू हुआ था."

"मग आता ही काय?"

"ये दीवार है."

आम्ही दीडशे किलोमीटर आलो होतो, त्यातली शेवटची पन्नास तळाशिवाय असल्यासारखी वाटायला लागली. "पूरी तसवीर देखनी है," तो पुढे म्हणाला, "तो नकल देखो. बंगाल से बड़े कलाकार आए थे, राजा साहब ने बनवाईं."

हे खरं आहे. १९२१ साली ग्वाल्हेर दरबारनं शांतिनिकेतनचे असितकुमार हालदार, नंदलाल बोस आणि सुरेंद्रनाथ कर यांना इथे आणलं. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यावर तेव्हा आपले मो. ब. गर्दे. चित्रं तेव्हाही निम्मी गेलेली होती. जेवढी दिसत होती तेवढी या मंडळींनी भिंतीसमोर बसून उतरवून घेतली. शऱ्या हे ऐकताना फुगत चालला होता. शिंदे सरकार, आपले गर्दे, नंदलाल बोस. होळकर कुठे दिसत नव्हते.

"और वो नकलें कहां हैं?" त्यानं मोठ्या आवाजात विचारलं.

"ग्वालियर में, साहब. गूजरी महल."

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालाचं संग्रहालय आहे. शऱ्याच्या शाळेची सहल दर वर्षी तिथेच जायची, हे त्यानंच मला किमान वीस वेळा सांगितलेलं. चौथीत तो तिथल्या जिन्यावरून पडला होता, ती खूण भुवईवर अजून आहे. मी काही बोललो नाही. खरंच नाही बोललो. फक्त त्याच्या भुवईकडे पाहिलं.

"आम्ही तिथे डबा खायचो," तो बऱ्याच वेळानं म्हणाला.

उतरताना दोन्ही बूट त्याच्या हातात होते आणि पायात नुसते मोजे. बाघ गावात एका छपाईच्या कारखान्यात शिरलो. मागे भट्टीवर कढई, तीत धावडीची फुलं आणि उकळणारं कापड. पुढे लांब मेजावर एक म्हातारा चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या रंगात लाकडी ठसा बुडवून कापडावर टेकवत होता आणि मुठीनं वरून एक ठोसा. टेकव, ठोसा. टेकव, ठोसा. एकही ठसा आधीच्याला चढत नव्हता. लाल आणि काळा, बस. आम्ही लेण्यात पाहिली नाहीत तेवढी चित्रं तिथे वाळत घातलेली होती. मी दोन डबल चादरी, एक साडी घेतली. शऱ्यानं वहिनींसाठी काही घेतलं नाही. म्हाताऱ्यानं मोज्यांकडे बघून दारातल्या आपल्या रबरी चपला पुढे सरकवल्या आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला.

रात्री दहाला घरी पोचलो. चादरी उलगडून पाहिल्या गेल्या, पसंत पडल्या. "आणि लेणी कशी होती?" "होती," मी म्हणालो.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. आमच्याकडे तिला सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लॅस्टिक आणि आणखी तीन, ज्यांच्यावरून घरात अजून वाद आहेत. गाडीतला डबा घेऊन मी खाली गेलो. संत्र्याची सालं ओल्यात, शेंगांची टरफलंही ओल्यात. तळाशी शऱ्याच्या बुटाचा डावा तळ, सुतळीसकट.

"ये क्या है, अंकल?" पोरगं म्हणालं.

"बूट का तल्ला."

त्यानं तो उचलला, तसा बोटांत भुगा झाला. सहाही कप्प्यांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. शऱ्या.

"अरे, तो तळ टाकू नकोस. लष्करात आपला एक मोची आहे, असले तो हमखास बसवून देतो. आणि पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरला जाऊन येऊ. गुजरी महाल. सकाळची गाडी आहे, स्टेशनवर सहाला भेटायचं. सहा म्हणजे सहा."

गाडी कोपऱ्यावरून वळली होती.