रविवारी कबुली, सोमवारी मोकळे?

फिरणारा मजकूर साधारण असा: ‘ख्रिस्ती धर्मात पापाला मुभाच आहे. रविवारी फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी. सोमवारी पुन्हा सुरू. मुक्त झालेत म्हणे, मग पाप करतातच कशाला? आणि येशूने सगळं फेडलंय, तर माणसाने करायचं काहीच नाही.’

आधी कानात सांगण्याचं बघू. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही पद्धत संस्कार म्हणून नाहीच. कॅथलिकांत आहे, गोव्यात तिला कुमसार म्हणतात. तिथे सांगणाऱ्याकडून तीन गोष्टी लागतात: पश्चात्ताप, गंभीर पापांची एकेक करून कबुली आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त. पश्चात्तापात ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय येतोच. १९८३ च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ९८७ वं कलम सुधारण्याचा हेतू स्पष्ट मागतं. सोमवारचा बेत मनात ठेवून रविवारी गुडघे टेकले, तर क्षमेचे शब्द उच्चारले गेले तरी क्षमा लागू होत नाही. चोरी असेल तर माल परत करायचा. निश्चय करून मोडणं वेगळं आणि निश्चयच नसणं वेगळं. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलं आहे.

‘मुभा’ हा आक्षेप तर जुनाच. इ.स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिताना येशूचा प्रेषित पौल याने तो स्वतःच मांडला: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? उत्तर लगेच, ‘कधीच नाही’ (बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय ६). दंडाची माफी आणि सत्तेतून सुटका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या अध्यायाचा रोख दुसरीवर आहे. इथे पाप म्हणजे चुकांची यादी नव्हे, मालक आहे. तो राज्य करतो, माणसाचे अवयव हत्यारं म्हणून मागतो आणि शेवटी वेतन देतो: मरण. ‘वेतन’साठीचा ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. विश्वासणारा ख्रिस्ताबरोबर मेला, म्हणून त्या मालकाचा हक्क संपला. त्याचा आवाज येतो, पण तो हुकूम राहिलेला नाही.

‘मग पाप करतातच कशाला?’ पाप उरलंच नाही, असं शिकवलं कोणी? योहानाचं पहिलं पत्र (१:८) सांगतं की, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो. पूर्णत्व या आयुष्यात किती गाठता येतं यावर लूथर आणि वेस्ली या दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारकांच्या परंपरांत मतभेद आहेत, पण झगडा दोघांनाही मान्य आहे. खरा घोटाळा होतो तो त्याच पत्रातलं ३:९ एकटं वाचल्यावर, ‘देवापासून जन्मलेला पाप करत नाही’. मग पडलेला माणूस कबूल करण्याऐवजी लपवायला शिकतो.

आता ‘काहीच करायचं नाही’. रोमकरांस ६:११ म्हणतं, स्वतःला पापाला मेलेले ‘माना’. हे क्रियापद हिशेबाचं आहे: जे घडून गेलं ते खात्यात धरा. पुष्कळ जण त्याची स्वयंसूचना करतात. ‘मला मोह होत नाही, होत नाही’ असं घोकतात, आणि मोह आला की सगळंच खोटं वाटू लागतं. पण पुढच्याच ओळीत ‘वासनांच्या अधीन होऊ नका’ असं आहे. म्हणजे वासना येणार हे धरूनच चाललंय. त्यापुढचं पाऊल १३ व्या ओवीत: अवयव एकाकडून काढून दुसऱ्याच्या, म्हणजे देवाच्या, हाती द्यायचे. नुसते काढून घेतले आणि रिकामे ठेवले की जुना मालक परत येतो.

इफिसकरांस ४:२८ मध्ये हे अगदी हातावर दिसतं. चोराला नुसतं ‘चोरू नको’ म्हणून सोडलेलं नाही. त्याने कष्ट करायचे, त्याच हातांनी. आणि कमाईतून गरजवंताला द्यायचं.